सहा टिंबांची गोष्ट मुलांना कशी सांगावी

महाराष्ट्रातील शाळांत ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते, आणि त्या निमित्ताने फळ्यावर लिहिलेला सुविचार अजून पुसलाही गेलेला नसताना ४ जानेवारी उजाडते. हा लुई ब्रेल यांचा जन्मदिवस. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०१८ साली ठराव करून तो जागतिक ब्रेल दिन म्हणून मुक्रर केला आणि २०१९ पासून तो पाळला जाऊ लागला. ज्यांना विद्येच्या दाराबाहेर ठेवण्यात आले होते अशांसाठी आयुष्य वेचणाऱ्या दोन व्यक्तींचे जन्मदिवस असे एकापाठोपाठ यावेत हा निव्वळ योगायोग असला, तरी शिक्षकाच्या दृष्टीने तो मोठा उपकारक योगायोग आहे. सावित्रीबाईंविषयी बोलताना मुलींच्या बुद्धीत काही न्यून होते असे आपण चुकूनही म्हणत नाही. न्यून होते ते त्या काळच्या समाजव्यवस्थेत, असेच आपण मुलांना सांगतो, आणि ते योग्यच आहे. ब्रेल यांच्याविषयी बोलण्याची वेळ आली की मात्र हा विवेक आपल्या हातून सुटतो, आणि सारे न्यून त्या अंध मुलाच्या ठायी होते व त्याने ते जिद्दीने भरून काढले, अशा थाटाची कथा आपण सांगू लागतो.

ही कथा बहुधा पाच-सहा वाक्यांत आटोपते. एक मुलगा होता, लहानपणी अपघाताने त्याचे डोळे गेले, तरी तो खचला नाही, त्याने कष्टाने शिक्षण घेतले आणि अंधांसाठी लिपी शोधून काढली, एवढे सांगून झाले की वक्ता श्रोत्यांकडे वळतो, आणि तुम्हाला तर देवाने चांगले धडधाकट डोळे दिले आहेत, मग तुम्ही अभ्यासात हयगय का करता, असा प्रश्न टाकून भाषण संपवतो. यामागील हेतू सद्भावाचा असतो याविषयी शंका नाही. परंतु अशा कथनात ब्रेल हा मनुष्य हरवतो, त्याचे कार्य हरवते, आणि मुलांच्या पदरी उरते ती थोडी कणव आणि थोडी अपराधी भावना. शिवाय त्याच वर्गात जाड भिंगांचा चष्मा लावून, वही नाकाशी धरून बसलेला एखादा विद्यार्थी असेल, तर हे ऐकताना त्याच्या मनात काय येत असेल, याचा विचार वक्त्याने केलेला नसतो. वस्तुतः ब्रेल यांनी अंधत्वावर विजय मिळवला असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. बालपणी गेलेली त्यांची दृष्टी अखेरपर्यंत परत आली नाही, आणि त्यांचे सारे कर्तृत्व अंध म्हणूनच घडले. त्यांनी जिंकली ती लढाई वेगळी होती. अंधांनीही डोळसांचीच अक्षरे वाचली पाहिजेत, या डोळसांच्या हट्टाविरुद्ध ती होती. ती कशी झाली, तिच्यात कोणाचे साहाय्य लाभले, कोणाचा अडथळा झाला आणि यश पदरात पडण्यास किती काळ जावा लागला, हे तपशीलवार सांगितले, तरच ती गोष्ट मुलांच्या बुद्धीला खाद्य पुरवते.

लुई यांचा जन्म १८०९ साली, पॅरिसच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कूव्रे या खेड्यात झाला. वडील सिमों-रने हे खोगिरे, लगाम आणि घोड्यांचा इतर चामडी साज तयार करणारे कारागीर. आईचे नाव मोनिक. आणि चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी तो एका अणकुचीदार हत्याराशी खेळत होता, आणि ते निसटून त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली, तिचा संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला, आणि जंतूंमुळे रोग होतात हेच ज्या काळी वैद्यकशास्त्राला अवगत नव्हते त्या काळी त्यावर इलाज तो काय होणार. पाचव्या वर्षापर्यंत मुलाची दृष्टी पूर्णपणे गेली.

यानंतर जे घडले ते मुलांना सांगण्याजोगे आहे, कारण त्यात चमत्कार काहीच नाही आणि शहाणपण मात्र पुष्कळ आहे. गरीब घरातील अंध मुलांच्या वाट्याला बहुधा भीक मागणे येई अशा त्या दिवसांत, या कारागीर पित्याने मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. त्याच्यासाठी काठ्या तासून दिल्या, आणि त्या काठीच्या आधाराने गावातील वाटा मुलगा आपल्या आपण ओळखू लागला. गावच्या चर्चचे धर्मगुरू पालुई यांनी त्याला शिकवण्यास आरंभ केला, आणि शाळेचे गुरुजी बेशरे यांनी त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसवून घेतले. तेथे तो कानांनी ऐकून शिकत असे, आणि शिकण्यात मागे नव्हता. म्हणजे पुढे ज्याचे नाव जगभर झाले त्या मुलाच्या पाठीशी प्रथम एक बाप, एक धर्मगुरू आणि एक खेड्यातील शिक्षक उभे होते, आणि त्यांच्यापैकी एकानेही हा मुलगा आपल्या आवाक्यातला नाही, असे म्हणून त्याला परतवून लावले नाही. महापुरुषांच्या चरित्रात ही माणसे सहसा तळटिपेत जातात. मुलांसमोर ती ठळकपणे यावीत, कारण मोठेपणी ब्रेल होणे फार थोड्यांच्या नशिबी असले, तरी बेशरे गुरुजी होणे कोणालाही शक्य आहे.

लुई दहा वर्षांचा झाला तेव्हा, म्हणजे १८१९ च्या फेब्रुवारी महिन्यात, पॅरिसच्या राजाश्रित अंधशाळेत त्याला प्रवेश मिळाला. या शाळेचे संस्थापक व्हालांतीन आउई. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत काही अंध माणसांना विदूषकी पोशाख चढवून, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे भलेमोठे चष्मे लावून, लोकांच्या करमणुकीसाठी वाद्ये वाजवायला बसवलेले त्यांनी पाहिले, त्या अवहेलनेने ते व्यथित झाले, आणि अंधांना शिक्षण देण्याचा जो निश्चय त्यांच्या मनात रुजला त्यातून १७८५ च्या सुमारास ही शाळा उभी राहिली. जाड ओलसर कागदावर मोठ्या अक्षरांचे ठसे दाबून उठावाची अक्षरे उमटवायची आणि ती मुलांनी बोटांनी चाचपून वाचायची, अशी आउई यांची रीत होती. अंधांनाही वाचता येते ही गोष्टच तोवर कोणी गृहीत धरलेली नव्हती. ती सिद्ध करणाऱ्या या सद्गृहस्थाचे ऋण फार मोठे आहे.

तथापि त्या रीतीत एक मूलभूत दोष होता. अक्षरे डोळसांची होती. डोळा एका दृष्टिक्षेपात संपूर्ण अक्षर टिपतो, पण बोटाला त्या अक्षराच्या वळणावळणाने फिरून यावे लागते. आपल्या देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांतील भेद केवढासा आहे, आणि तो केवळ स्पर्शाने ओळखायचा झाला तर एक ओळ वाचायला किती अवधी लागेल, याची कल्पना केली म्हणजे त्या मुलांचे हाल ध्यानात येतात. अक्षरे मोठी असल्याने पुस्तके अवजड, खर्चिक आणि म्हणूनच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सर्वांत मोठी उणीव अशी की या पद्धतीने मुलांना कसेबसे वाचता येई, परंतु लिहिता मात्र येत नसे. आपल्या मनातले कागदावर उतरवण्याचा आणि उतरवलेले पुन्हा स्वतः वाचून पाहण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

१८२१ साली, पिन्ये हे या शाळेचे प्रमुख असताना, शार्ल बार्बिए नावाच्या तोफखान्यातील एका माजी अधिकाऱ्याची टिंबांची लिपी शाळेत आली. दिव्यावाचून अंधारात वाचता यावी म्हणून तिला रात्रलिपी असे नाव पडले होते. बार्बिए यांनी फ्रेंच भाषेतील छत्तीस ध्वनी सहा आडव्या ओळी आणि सहा उभे रकाने अशा चौकटीत मांडले, आणि वर्गातील विद्यार्थ्याचा पत्ता जसा कितवी रांग व त्या रांगेतील कितवा बाक असा सांगता येतो, तसा प्रत्येक ध्वनीचा पत्ता टिंबांच्या दोन उभ्या रांगांनी सांगितला: पहिल्या रांगेतील टिंबांची संख्या ओळ दाखवी आणि दुसऱ्या रांगेतील संख्या रकाना. टिंब हे बोटाला रेषेपेक्षा अधिक स्पष्टपणे जाणवते, हा शोध बार्बिए यांचा. आणि टोकदार साधनाने कागदावर टिंबे उमटवून अंधाला लिहिताही येईल, ही वाटही त्यांनीच दाखवली.

बारा वर्षांच्या लुईने ही लिपी आत्मसात केली आणि तिचे गुण व दोष बोटांनीच पारखले. एका ध्वनीसाठी बारापर्यंत टिंबे लागत, त्यामुळे एक चिन्ह बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. बोट वरखाली फिरवून टिंबे मोजत बसावे लागे. लिपी ध्वनींची असल्याने शब्दांचे शुद्ध लेखन तिच्यात दाखवता येत नसे, आणि विरामचिन्हे, अंक, संगीताचे स्वर यांची तर तिच्यात सोयच नव्हती. पुढची सुमारे तीन वर्षे, दिवसाचे पाठ सांभाळून आणि सुटीत गावी गेल्यावरही, हा मुलगा कागद व टोचणी घेऊन खटपट करत राहिला, आणि १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने बाराची सहा टिंबे केली. तीन टिंबांच्या दोन उभ्या रांगा: डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन, उजवीकडे चार, पाच, सहा. चिन्ह निम्म्याने आखूड झाले आणि बोटाच्या अग्राखाली बरोबर मावू लागले. सारे यश या मापात आहे. डोळसांच्या अक्षराचा आकार बोटापुढे ठेवण्याऐवजी, बोटाला काय पेलते हे आधी ठरवून त्या मापाने अक्षर घडवले गेले, आणि ते ठरवणारा स्वतः बोटांनी वाचणारा होता.

या रचनेतील शिस्त थोड्या मोठ्या मुलांना मुद्दाम उलगडून दाखवावी. रोमन वर्णमालेतील पहिली दहा अक्षरे केवळ वरच्या चार टिंबांतून साधली आहेत. पुढची दहा त्याच आकृत्यांना तिसरे टिंब जोडून मिळतात. आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांसाठी तिसरे व सहावे अशी दोन्ही टिंबे जोडायची. पहिल्या दहा अक्षरांच्या आधी एक ठरावीक खूण ठेवली की तीच दहा चिन्हे अंक होतात. प्रत्येक टिंब उमटलेले असेल किंवा नसेल, म्हणजे दोन शक्यता. सहा टिंबांच्या मिळून चौसष्ट. त्यांतील सर्वस्वी कोरी जागा वजा जाता त्रेसष्ट चिन्हे उरतात. सातवी-आठवीच्या मुलांना हा हिशेब स्वतः मांडायला लावला, म्हणजे एवढ्याशा चौकटीत अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि संगीतलिपी या सर्वांची सोय कशी लागली, हे त्यांचे त्यांनाच पटते आणि त्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या बुद्धीविषयी खरा आदर उत्पन्न होतो. हा आदर कणवेतून उपजलेला नसतो, म्हणून तो टिकतो.

१८२९ साली ब्रेल यांनी आपली पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि तीत बार्बिए यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. मूळ कल्पना त्यांच्या रीतीवरून सुचली, हे नमूद करण्यास ते विसरले नाहीत. ते त्याच शाळेत शिक्षक झाले, पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले, आणि संगीत हे अंध तरुणांच्या उपजीविकेचे मोठे साधन असल्याने टिंबांतील स्वरलिपीवर त्यांनी विशेष परिश्रम घेतले. १८३९ साली त्यांनी आणखी एक रीत प्रसिद्ध केली. तीत अंधाने टिंबांनी उमटवलेली अक्षरे डोळस माणसालाही वाचता येत, म्हणजे दूर असलेल्या मुलाला आपल्या घरच्यांना स्वहस्ते पत्र लिहिता येऊ लागले.

एवढे झाल्यावर लोकांनी ही लिपी डोक्यावर घेतली असेल असे मुलांना वाटते. वास्तविक इतिहास निराळा आहे, आणि तो लपवू नये. विद्यार्थ्यांना लिपी मनापासून आवडली होती, पण शिक्षक व कारभारी डोळस होते, आणि आपल्याला वाचता न येणारी लिपी शाळेत असावी ही कल्पनाच त्यांच्यापैकी अनेकांना रुचेना. १८४० साली पिन्ये यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांच्या जागी आलेल्या द्युफो यांनी ब्रेल लिपीला शाळेत मज्जाव केला. हुकूम निघाला, तरी मुले थांबली नाहीत. ती एकमेकांना लिपी शिकवत राहिली. पुढे द्युफो यांचेच सहायक ग्वादे यांना या लिपीची योग्यता पटली, त्यांनी आपल्या वरिष्ठांचे मन वळवले, आणि १८४४ च्या फेब्रुवारीत शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटन समारंभात या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ब्रेल तेव्हा पस्तीस वर्षांचे होते आणि क्षयाने पोखरले गेले होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, त्यांचे निधन झाले. फ्रान्समध्ये लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ साली, आणि १८७८ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिचा पुरस्कार केला. १९५२ साली, मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्यांच्या अस्थी कूव्रेहून पॅरिसला आणून पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात मोठ्या सन्मानाने ठेवण्यात आल्या. हेलन केलर त्या समारंभास उपस्थित होत्या. हातांच्या अस्थी मात्र कूव्रेच्या गावकऱ्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतल्या.

गोष्ट येथवर आली की मुले हमखास विचारतात, ‘बाई, मग मराठी कसे वाचायचे?’ हा प्रश्न म्हणजे धड्याचे अर्धे यश समजावे. आपल्या देशात पूर्वी निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या टिंबलिप्या प्रचारात होत्या. त्यांचा मेळ घालून १९५१ साली भारती ब्रेल ही सर्व भारतीय भाषांची समान लिपी ठरवण्यात आली. समान ध्वनीला समान चिन्ह हे तिचे तत्त्व, त्यामुळे मराठी क आणि तमिळ क यांचे चिन्ह एकच. तिची एक लकब मराठी मुलांना फार मौजेची वाटते. छापील मराठीत ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, जरी उच्चार नंतर होतो. ब्रेलमध्ये जसा उच्चार तसाच क्रम, आधी क आणि मग इ. स्वराला वेगळे आणि त्याच्या मात्रेला वेगळे अशी दोन चिन्हेही तेथे नाहीत. ‘आई’ हा शब्द दोन चिन्हांत लिहून होतो: आ म्हणजे तीन, चार, पाच ही टिंबे, ई म्हणजे तीन आणि पाच. एकूण पाच टिंबे.

हा शब्द वर्गात मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्यावा, आणि तो दोनदा करून घ्यावा. पहिल्यांदा जाड पुठ्ठ्यावर मसुराचे दाणे डिंकाने चिकटवून. लहान मुलांना हे सहज जमते आणि टिंबांची मांडणी डोक्यात पक्की बसते. डिंक वाळल्यावर त्यावरून तर्जनी फिरवायला सांगावे. दाणे मोठे, त्यामुळे एक चिन्ह बोटाखाली मावत नाही, बोट वरखाली शोधत राहते, आणि बार्बिए यांच्या लिपीत काय अडचण होती हे शिक्षकाने न सांगता मुलांच्या बोटांना समजते. दुसऱ्यांदा वर्तमानपत्राच्या घडीवर जाड कागद ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने, दोन टिंबांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर राखून तोच शब्द टोचावा. खऱ्या ब्रेल लिपीतील अंतर साधारण इतकेच असते. टोचलेले टिंब कागदाच्या उलट बाजूस उठते, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे आणि आकृती आरशातल्याप्रमाणे उलटी काढावी लागते. कागद परतला की ती सुलट होऊन डावीकडून उजवीकडे वाचता येते. ब्रेल पाटीवर लिहिणारी मुले हे रोज करतात, आणि भराभर करतात. दोन-चार शब्द टोचून मनगट दुखू लागले म्हणजे त्यांच्या कौशल्याची वाखाणणी करण्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही.

वरच्या वर्गात आणखी एक पाऊल पुढे जाता येईल. हल्ली मोबाईल व संगणक मजकूर वाचून दाखवतात, मग ब्रेल कशाला हवे, अशी शंका मोठी माणसेही काढतात. मुलांना ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन शब्द तोंडी सांगून त्यांतला फरक विचारावा. कानाला तो बहुधा कळत नाही. ब्रेलमध्ये पहिल्यात मधले चिन्ह दोन व चार या टिंबांचे, दुसऱ्यात तीन व पाच या टिंबांचे. बोटाला फरक तत्काळ जाणवतो. केवळ ऐकून शिकणाऱ्याला भाषा येते, पण तिचे शुद्धलेखन, परिच्छेदांची रचना, विरामचिन्हांची जागा हे सारे त्याच्या हाती कधीच पूर्णपणे लागत नाही. ज्याला आपल्या भाषेत स्वतः लिहायचे आहे त्याला लिपी हवीच, मग ती शाईची असो की टिंबांची.

आता काय टाळावे याविषयी. मुलांच्या डोळ्यांना रुमाल बांधून त्यांना वर्गभर फिरवण्याचा एक प्रयोग पुष्कळ ठिकाणी हौसेने केला जातो. त्या पाच मिनिटांत मूल अडखळते, घाबरते, आणि रुमाल सुटताच सुटकेचा निःश्वास टाकते. म्हणजे ते शिकते ती अंधाराची भीती. वर्षानुवर्षे काठीच्या टोकाने रस्ता वाचणारा, पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखणारा, टिंबांवरून सफाईने बोट फिरवणारा मनुष्य कसा जगतो हे त्यातून मुळीच कळत नाही. त्याऐवजी शक्य असेल तेथे अंध शिक्षक, गायक, वकील किंवा बँकेतील कर्मचारी यांना पाहुणे म्हणून बोलवावे, आणि त्यांना त्यांच्या कामाविषयी बोलू द्यावे. महाराष्ट्रात अशी माणसे व संस्था दुर्मीळ नाहीत. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली, ती आज दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाते. आणि नॅब या नावाने सर्वपरिचित असलेली अंधांसाठी कार्य करणारी राष्ट्रीय संस्था १९५२ साली मुंबईतच स्थापन झाली.

दुसरे असे की, ज्या प्रकारच्या टोचणीने डोळे गेले तशाच टोचणीने लिपी दिली, या योगायोगावर भाषण रंगवण्याचा मोह होतो. तो आवरावा. अपघात झाला म्हणूनच लिपी जन्मली, तेव्हा जे झाले ते बऱ्याकरताच, असा त्यातून अर्थ निघतो, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या वेदनेला दैवी योजनेचे रूप देण्याचा अधिकार आपल्याला नाही. अंधत्व असलेली बहुसंख्य माणसे लिपी शोधत नाहीत; ती शाळेत जातात, नोकरी करतात, संसार करतात, कधी आनंदी असतात आणि कधी त्रासलेली असतात, आणि तसे साधे आयुष्य जगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. असामान्य पराक्रम केला तरच अपंग माणूस आदरास पात्र, असा समज मुलांच्या मनात ब्रेल यांच्या नावाने रुजता कामा नये.

हा मुद्दा आज विशेष निकडीचा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश झाला आणि कायद्याने ठरवलेल्या प्रमाणात अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. बेशरे गुरुजींनी दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मर्जीने जे केले ते आता कायद्याने करावयाचे आहे. कायदा मुलाला शाळेच्या आवारात आणतो. तेथे त्याला शेजारी घेऊन बसणारे, डब्यातला घास देणारे आणि खेळात गडी म्हणून निवडणारे मूल मात्र घरातील व वर्गातील बोलण्यातूनच घडते.

म्हणून गोष्ट संपल्यावर, तुम्हाला तर डोळे आहेत मग तुम्ही काय केले, हा प्रश्न विचारू नये. त्याऐवजी मुलांना विचारावे: आपल्या शाळेत अशी कोणती गोष्ट आहे, जी आपल्यापैकी कोणालातरी करता येत नाही, आणि ती कोणत्या रचनेमुळे करता येत नाही? मुलांची नजर तीक्ष्ण असते. ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडा नाही. खडू फिकट आहे आणि मागच्या बाकावरून फळा दिसत नाही. सुटी झाल्याचे केवळ घंटेवरून कळते आणि ऐकू न येणारी मैत्रीण वर्गात एकटीच बसून राहते. पाण्याचा नळ चाकाच्या खुर्चीवरून हाताला लागत नाही. ही यादी मुलांनी स्वतः तयार करावी, आणि ज्यांची अडचण आहे त्यांना आधी विचारून तयार करावी, कारण सहा टिंबांचे माप ज्याचे बोट होते त्यानेच ठरवले होते. मग मुलांनीच तिचा रीतसर अर्ज करून मुख्याध्यापकांकडे द्यावा, आणि शाळेने त्यातील निदान एक गोष्ट त्याच वर्षी दुरुस्त करावी. मंजुरीला वेळ लागला, एखादा अर्ज नामंजूर झाला, तर ब्रेल यांना किती थांबावे लागले होते हे मुलांना ठाऊक असेलच. ती पुन्हा अर्ज करतील. कठडा बसला, फळा काळा झाला, नळ खाली आला, की त्या वर्गाला लुई ब्रेल यांचे चरित्र समजले असे खुशाल मानावे.